मांडवाची जागा

आमच्या घराला एक खोली वाढवायची, हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न फक्त कधी, एवढाच. खोली कधी, तर दिराची हळद झाल्यावर. हळद कधी, तर लग्न जमल्यावर. आणि लग्न का जमत नाही, तर मुलाला वेगळी खोली नाही म्हणून. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझी गंमत करतंय. पण आमच्याकडे असल्या गोष्टी अगदी गंभीर चेहऱ्याने बोलल्या जातात.

घर सोनिवलीत आहे, बदलापूरच्या अंगाला. तीन खोल्या, एकामागे एक. पुढच्या खोलीत माझा दीर धर्मेश. मधल्या खोलीत मी, माझा नवरा कल्पेश आणि आमची मुलगी चिमी. मागच्या खोलीत चूल, भांडी, देव आणि सासू-सासरे. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पहाटे बाहेर जायचं झालं की ते आमच्या अंथरुणांमधून खोकत, घसा साफ करत, आपण येतोय याची वर्दी देत जातात. घर भिंतींवर उभं आहे, खांब नाहीत, त्यामुळे वर मजला चढवता येत नाही. मागे चुलत्यांची भिंत, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला चुलत्यांचीच दुसरी भिंत. उरलं फक्त पुढचं अंगण.

गावाभोवती आता टॉवर आहेत. त्यातल्या दोन टॉवरखाली आमची भातशेती होती. जमिनीचे पैसे आले तेव्हा बाबांनी घर बांधलं नाही. एक गाडी घेतली, देवळाला कळस दिला आणि थोरल्या मुलाच्या, म्हणजे आमच्या, हळदीत सगळं गाव तीन वेळा जेवेल असा बेत केला. मी आगरी नाही. माझे वडील लातूरकडचे, पोटासाठी उल्हासनगरात आलेले. आमच्याकडे हळद म्हणजे पाच सवाष्णी आणि एक जातं. इथे हळद म्हणजे लग्नाला आलेली माणसं कमी वाटावीत इतकी माणसं. त्या रात्री मी पिवळी होऊन कोपऱ्यात बसले होते आणि मनात एकच हिशेब चालला होता, की या जेवणावळीत दोन खोल्या आणि एक संडास सहज झाला असता. मी अंबरनाथला एमआयडीसीत एका कंपनीचे हिशेब बघते, त्यामुळे ही खोड जाता जात नाही.

माझी सासू मोतीबाई धवलारीण आहे. म्हणजे लग्नात, हळदीत बसून धवले गाणारी, देवांना बोलावणारी बाई. आता सगळीकडे डीजे. आईंना बोलावतात, पण गाणं पंधरा मिनिटांत आवरा, असं वर सांगतात. या धवल्यांत त्या माणसांची नावं घेतात. मांडवाला ज्याने ज्याने हात लावला, कुणी बांबू दिले, कुणी उंबराची फांदी आणली, त्याचं त्याचं नाव गाण्यात येतं. आणि एकदा नाव आलं की ती वस्तू मांडवाची झाली. कल्पेशच्या हळदीला चुलत काकांनी तांब्याचा मोठा हंडा वापरायला म्हणून दिला होता. आईंनी भरात त्यांचं नाव गायलं. हंडा अजून आमच्याकडे आहे. काकू येता-जाता त्याच्याकडे बघून उसासा टाकतात, पण मागत नाहीत. गायलेलं परत मागणं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही.

त्या रात्री माझ्या वडिलांचं नाव आलं नाही. काही द्यायला त्यांच्याकडे नव्हतंच. ते प्लास्टिकच्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसले होते, आणि प्रत्येक नावाला मान डोलावत होते.

पुढे कल्पेशचा मित्र सुयोग, जो बदलापुरात घरांचे नकाशे करतो, टेप घेऊन अंगण मोजायला आला. बारा बाय चौदाची खोली, त्यात छोटं न्हाणीघर. त्याने टेपचं एक टोक मला धरायला दिलं. आई मागून आल्या आणि अंगणाच्या बरोब्बर मधोमध, टेपच्या वाटेत, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अंगनान खोली बांदली तं मांडव कुठं घालाचा? रस्त्यावर?"

"आई, हळद हॉलमध्ये पण करता येते," सुयोग म्हणाला. बिचारा नवा होता.

"हॉलान? दुसऱ्याचे दारान माजे पोराची हलद?" आईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "चाळीस वर्सं लोकांचे मांडवान गायलू. माजे दारान एकच हलद राह्यली. ती झाली का बांदा तुमाला काय बांदाचं तं."

सुयोगने टेप गुंडाळली. बाबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी डोकं वर केलं नाही. मला आईंचा राग आला, आणि त्यांचं खरं आहे हेही कळत होतं, त्यामुळे राग धड पुरता करताही येईना.

मला ती खोली माझ्यासाठी नको होती. आमच्या अंथरुणांमधून बाबा गेले तर गेले. खोली हवी होती आप्पांसाठी.

आप्पा, म्हणजे माझे वडील बाळाजी, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. जन्म काड्यापेट्यांच्या कारखान्यात गेला, माझी आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. त्यांची इमारत धोकादायक ठरलीय. खाली नोटीस चिकटवलेली आहे, तिच्यावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात लावलीय. जिन्याखाली लोखंडी टेकू दिलेत. बाथरूमच्या छताची ढलपी पडली तेव्हा आप्पांनी ती नीट उचलून कोपऱ्यात ठेवली, जशी काही परत लावायची आहे. एकेक बिऱ्हाड जात होतं. ज्यांना जायला जागा होती ते गेले.

मी गेले की आप्पा गॅलरीतच असायचे. खाली जीन्स शिवणारे कारखाने, गठ्ठे वाहणारे हमाल, पापडवाला सिंधी शेजारी. दिवसभर ते तेवढंच बघत बसायचे.

"आप्पा, तुम्ही आमच्याकडे चला. पुढच्या खोलीत धर्मेशबरोबर झोपा."

"लेकीच्या घरी फुकट ऱ्हायचं न्हाई मला," ते म्हणाले. "तुमची खोली व्हायचीय न्हवं? तिच्यात माझे पैसे घाला. फंडाचे हायत ते सगळे घाला. मग मी येतो. मग ते माझं बी घर झालं."

"आणि तोपर्यंत?"

"तोवर हाय की हे." त्यांनी भिंतीवर थाप मारली, मग जरा हळूच मारायला हवी होती असं त्यांनाच वाटलं. "एक खिडकी मात्र रस्त्याकडं ठेवा. माणसं दिसली पायजेत."

एकीकडे बाईचा हट्ट, एकीकडे माणसाचा ताठा, आणि मधे मी. दोघांच्याही पाया पडावं की दोघांचीही गचांडी धरावी, ते कळेना.

कल्पना मला कंपनीत सुचली, जेवणाच्या सुट्टीत. समोर नव्या गोडाऊनचं काम चाललं होतं. खांब उभे, वर स्लॅब, भिंती अजून नव्हत्या, आणि खाली कामगार सावलीला जेवत बसले होते. मी डबा तसाच झाकला आणि सुयोगला फोन लावला. आधी फक्त चार खांब आणि स्लॅब घालायचा. चारी बाजू उघड्या. खाली हळदीचा मांडव. हळद झाली की भिंती. सुयोग म्हणाला, खांब एका स्लॅबपुरतेच होतील, वर मजला नाही, पण बाकी काहीच अडचण नाही, खर्चाचा मोठा भाग तसाही खांब-स्लॅबचाच असतो. सिमेंट, सळई आणि सेंट्रिंगवाल्याचा आकडा त्याने तिथेच सांगितला. आप्पांच्या फंडातून तेवढं बरोबर निघत होतं. भिंती, लाद्या आणि नळाचं काम माझ्या आणि कल्पेशच्या पगारातून.

आईंना समजवायला मी बसले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "मांडवाला चार खांब लागतात ना? हे पण चारच आहेत. फक्त मोडायचे नाहीत." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. मग विचारलं, "उंबराचा डाला बांदाया मिलंल खांबाला?" मिळेल म्हटलं. "बांबू?" तेही लावू. बाबांना तर ही गोष्ट फारच आवडली. पक्क्या मांडवातली हळद गावात कुणाची झाली नव्हती. त्यांनी संध्याकाळपर्यंत चार घरी जाऊन सांगितलंसुद्धा, आणि कल्पना स्वतःची म्हणून सांगितली. मला त्याचं काही नव्हतं.

मी सगळ्यांसमोर स्पष्ट विचारलं होतं. "हळदीनंतर भिंती, आणि मग आप्पा इथे. बरोबर?" बाबा म्हणाले, बरोबर. कल्पेश म्हणाला, बरोबर. धर्मेश मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "वहिनी, टेन्शन नको घेऊ. आप्पा माझ्याच रूममध्ये झोपले तरी चालतील." मुलगा वाईट नाही. त्या घरात वाईट कुणीच नाही, हीच तर पंचाईत आहे.

स्लॅब पडला त्या दिवशी आप्पा पेढे घेऊन आले. धुतलेला शर्ट, हातात नारळ. मिक्सरच्या आवाजात त्यांनी खांबापाशी नारळ फोडला आणि पाण्याचा हात खांबाला पुसला. मग उन्हात उभे राहून मला म्हणाले, "खिडकी हिथं." आणि हवेत एक चौकोन काढला. तिथून रस्ता दिसत होता, आणि देवळाकडे जाणारी माणसं. स्लॅबखाली तसेच टेकू होते, जसे त्यांच्या जिन्याखाली. फक्त आमचे तीन आठवड्यांनी निघणार होते.

त्यानंतर लग्न जमायला वेळ लागला नाही. वैदेही नावाची मुलगी, अंबरनाथच्या बाजूच्या गावातली, शिकलेली, हसरी. तिचे वडील पाहणीला आले. त्यांनी घर बघितलं, तीन खोल्या बघितल्या, चेहरा पडला. मग बाहेर आले आणि वर बघितलं. नवा कोरा स्लॅब. त्यांनी एका खांबावर हात मारून पाहिला.

"ही खोली पोरांची ना?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हां मंग," बाबा म्हणाले. "दुसरी कोनाची?"

चहा मी सगळ्यांना दिला. एकही थेंब सांडला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पाहुणे गेल्यावर कल्पेशशी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चिमी घाबरून आजीच्या मागे लपली. कल्पेश सगळं ऐकून घेत होता, त्याचं ते खाली घातलेलं तोंड बघून मला आणखीच चीड येत होती. शेवटी तो म्हणाला, "मी काय करू सांग. बाबा शब्द देऊन बसले. आता नाही म्हटलं तर धर्मेशचं लग्न मोडेल. पाच स्थळं गेलीत, उन्नती. आप्पांचे पैसे आपण परत देऊ. एकरकमी. लग्नात आहेर येईल, गाडी विकू. देवाशपथ."

तो खोटं बोलत नव्हता. बाबांनीही मान डोलावली, गाडी विकायची गोष्ट त्यांना झोंबली तरी. मग मी दुसरा हिशेब मांडायला घेतला. परत आलेल्या पैशांत आप्पांना बदलापुरात एक खोली भाड्याने. डिपॉझिट, भाडं, वर थोडं शिल्लक. शोधून शोधून एक सापडली, तळमजल्याची, रस्त्याकडे खिडकी असलेली. मालकीण बाई म्हणाल्या, लग्न होईपर्यंत थांबते, त्यापुढे नाही. आप्पांना मी फोनवर सांगितलं. भाड्याची खोली म्हणजे लेकीच्या घरी नाही, म्हणजे ताठा शाबूत. "बरं," ते म्हणाले. "पैशाचं मागनं बघा. आधी पोराचं लगीन होऊ द्या."

हळदीच्या दिवशी खांब दिसेनासे झाले, इतकी आंब्याची पानं आणि झेंडू. उंबराची फांदी पुढच्या खांबाला. डीजे रस्त्यावर ट्रकमध्ये. पण त्याआधी आईंनी सगळ्यांना दम दिला होता, की माझं पुरं होईपर्यंत वायर लावायची नाही. त्या पाटावर बसल्या, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. सोबत गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्या. धर्मेश मधे, हळदीने माखलेला.

आईंनी सूर लावला तेव्हा मी हातातलं काम ठेवलं. काहीही म्हणा, ती बाई गाते. आधी गणपती, मग गावदेवी, मग पूर्वज एकेक करून. पोरंसुद्धा गप्प झाली. आईंच्या आवाजात त्या दिवशी घाई नव्हती. पक्क्या छताखाली तो घुमत होता आणि त्यांना स्वतःलाच ते आवडत होतं.

मग नावं सुरू झाली. बांबू कुणी दिले, मामाने. आंब्याची पानं कुणी तोडली, चुलतभावांनी. उंबर कुणी आणला, आत्याच्या मुलाने. ज्याचं नाव येई तो जरा सरसावून बसे. आप्पा पहिल्या रांगेत होते, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाठ ताठ. प्रत्येक नावाला मान डोलावत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, मग वर स्लॅबकडे बघितलं, आणि मला काकांचा हंडा आठवला.

मी पुढे सरकले. बायकांची गर्दी होती. मी आईंना हाक मारणार होते. पण काय म्हणून? कुठल्या तोंडाने सांगणार होते, की माझ्या बापाचा मान करू नका?

आईंनी डोळे मिटले होते. "मांडवाचे खांब कोनी उभे केलं गो, कोनी उभे केलं?" सोबतच्या म्हाताऱ्यांनी ओळ उचलली. "बालाजी व्याह्यानं, बालाजी व्याह्यानं." परत एकदा. आणि मग तिसऱ्यांदा, छताकडे हात करून. "असा मांडव नाय मोडाचा गो, बालाजी व्याह्यानं दिला."

सगळ्यांनी आप्पांकडे बघितलं. वैदेहीचे वडील उठले आणि त्यांनी आप्पांना मिठी मारली. बाबांनी स्वतःच्या गळ्यातली शाल काढून आप्पांच्या खांद्यावर घातली. कुणीतरी हळदीचं बोट त्यांच्या कपाळाला लावलं. आप्पांनी दोन्ही हात जोडले, आधी आईंना, मग सगळ्यांना, मग वर स्लॅबला. त्यांचे डोळे भरून वाहत होते. माझ्या आईच्या मरणातही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं.

आई गाऊन थकल्या तेव्हा मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी माझा हात धरला. "तुजे लग्नान माजी चूक झाली होती गो," त्या म्हणाल्या. "तुजे बापाचं नाव राह्यलं. आज फेडलं." मनापासून गायल्या होत्या त्या. मला त्यांना ओरबाडावंसं वाटलं आणि मी त्यांचा ग्लास धरून उभी राहिले.

आप्पांना रिक्षापर्यंत सोडायला मी गेले. शाल त्यांनी काढली नव्हती.

"तुझ्या लग्नात आलं न्हवतं नाव," ते म्हणाले. मला वाटत होतं, त्यांच्या ते लक्षातही नसेल. "आज आलं बघ. समद्या गावासमोर."

"आप्पा, पैसे पुढच्या महिन्यात येतील. ती बदलापूरची खोली..."

"खुळी का काय तू?" ते हसले. "गायलेला आहेर कुणी परत घेतं व्हय? कल्पेशरावांना सांग, विषय काढू नका. गाडी बिडी इकू नका."

"आणि राहायचं कुठे?"

"ऱ्हातो की हाय तिथं. टेकू हायत." मग रिक्षात बसल्यावर त्यांनी बाहेर डोकं काढलं. "अन् त्या घरात आता यायचा प्रश्नच न्हाई बग. दिलेल्या आहेरात जाऊन ऱ्हायचं म्हंजे काय म्हणतील लोकं?"

बाबांनी तरीही गाडी विकली. कल्पेशने ते पैसे नेऊन दिले, दोनदा. दोन्ही वेळा आप्पांनी त्याला चहा पाजला आणि पाकीट त्याच्या खिशात परत घातलं. तिसऱ्यांदा तो गेला नाही. मी त्याला दोष देत नाही, देते तेव्हाही त्याचा उपयोग नसतो. बदलापूरची खोली मालकीण बाईंनी दुसऱ्यांना दिली. मी गाडीच्या पैशांतून गुपचूप दुसऱ्या एका खोलीचं भाडं भरायचं ठरवलं, तर सुगावा लागताच आप्पा म्हणाले, खोटं बोलून मला हलवशील तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. ते बोलतात तसं करतात.

आमच्या भिंती उभ्या राहिल्या. गवंड्याने विचारलं, खिडकी कुठे? वैदेहीला त्या बाजूला कपाट हवं होतं, आणि रस्त्याची धूळ नको होती. तिला काही माहीत नाही. कुणी सांगितलेलं नाही, मीही नाही. ती आप्पांना 'मांडववाले आजोबा' म्हणते आणि सणावाराला त्यांच्यासाठी आठवणीने करंज्या बाजूला काढते.

कॅम्प एकच्या त्या इमारतीत आता तिसऱ्या मजल्यावर आप्पा एकटेच आहेत. नवी नोटीस आलीय, लाल अक्षरांची. मी रविवारी डबा घेऊन जाते. जिना चढताना टेकूंना हात लावत नाही. शाल खुंटीला असते, घडी मोडलेली, म्हणजे मधे मधे पांघरत असणार.

गेल्या रविवारी आईंनी डब्यात वाकट्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या भरल्या. डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, "त्याला इकडं आन ना गो. येकटा मानूस तिथं. आपन येक लहानशी खोली घालू त्याला."

"कुठे, आई?"

त्या पुढच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी बाहेर बघितलं. दाराबाहेर आता एकच पायरी आहे. ती संपली की लगेच रस्ता लागतो.